अजिंठ्याच्या चित्रांना फ्रेस्को म्हणू नका

जयंतीच्या बॅनरचं प्रूफ बघायला गेलो, तर पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्राखाली छापलेलं: ‘अजिंठ्याचे जगप्रसिद्ध फ्रेस्को’. डोकंच फिरलं. यूट्यूबवर तेच, सहलीच्या पत्रकात तेच.

अजिंठा आणि वेरूळ यांतला घोळ मी सोडून देतो; एकदा दोन्ही बघून आलं की तो आपोआप मिटतो. भित्तिचित्र म्हणजे भिंतीवरचं कुठलंही चित्र, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. गाडी अडते ती फ्रेस्कोपाशी.

फ्रेस्कोत गिलावा ओला असतानाच नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावतात. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, दगडासारखा होतो आणि रंग त्यात कायमचा अडकतो. म्हणून चित्रकार एका दिवसात रंगवून होईल तेवढाच तुकडा लिंपतो.

अजिंठ्यात कातळावर माती, भाताचं तूस आणि गवताचे तंतू यांचा लेप दिलाय, त्यावर चुन्याचा पातळ हात. हे सगळं वाळल्यावर सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग: गेरू, पिवळी माती, काजळी, अफगाणिस्तानातून आलेला निळा लाजवर्द. रंग भिंतीत मुरलेला नाही, भिंतीवर बसलाय.

सोलापूरकराला हे चादरीवरून पटावं. जकार्डवरच्या चादरीत सूत आधीच रंगवलेलं, मोर विणीतच असतो. उलटी करा, मोर तिथंच. छापील चादरीचा मोर नुसता वर बसलेला, घासला की विटला. फ्रेस्को ही जकार्डची चादर, अजिंठा छापील. किमतीत नव्हे हो, जपण्यात!

‘फ्रेस्को-सेक्को, म्हणजे कोरड्या गिलाव्यावरचं फ्रेस्को, म्हणतात की’ ही पळवाट मला चालत नाही. नुसतं फ्रेस्को ऐकलं की माणसाला वाटतं, रंग पक्का आहे, ओलं फडकं फिरवलं तरी चालेल. इथं ओल लागली की सरस सुटतो आणि पापुद्रे निघतात. नीट दिसावं म्हणून, एकोणिसाव्या शतकात या चित्रांच्या नकला करवून घेणाऱ्या जॉन ग्रिफिथ्सच्या काळात चित्रांवर व्हार्निश फासलं. १९२० नंतर निजामानं बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी पापुद्रे चिकटवले, पण लाखेचा हातही दिला. तो पिवळा पडला आणि पुरातत्त्व खात्याला पुढं वर्षानुवर्षं तो उतरवत बसावं लागलं.

या चित्रांच्या नकलांचं नशीबही तसलंच. ग्रिफिथ्सच्या आधी ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिलनं केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्सनं मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांकडून नव्या करून घेतल्या. त्यातल्या कितीतरी १८८५ मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातल्या आगीत जळाल्या. म्हणून आज चांगले फोटो आणि स्कॅन सगळ्यांना खुले असावेत, याच मताचा मी आहे. फक्त खाली नाव बरोबर लिहा.

बॅनरवाल्या पोराला सांगितलं, ‘भित्तिचित्रे’ कर. तो म्हणाला, ‘‘फ्रेस्को म्हटलं की भारी वाटतंय की ओ.’’ समोर बसून बदलून घेतलं.