उलटा पाणाड्या

गेल्या उन्हाळ्यात मामांच्या शेतात बोअर मारला. पाणाड्याने तळहातावर नारळ आडवा धरून शेतभर चकरा मारल्या, एका जागी नारळ उभा राहिला म्हणाला, आणि रात्री गाडी आली. आधी मुरूम, मग काळा दगड, मग नुसती राखाडी भुकटी उडतेय आणि बांधावरच्या आंब्याच्या पानांवर बसतेय. १८० फुटांवर भुकटी जरा ओली झाली, सगळे खूश, पाच मिनिटांत परत कोरडी. ३२० फुटांवर मामा म्हणाले, "बस करा आता."

मी तेव्हा तिथं उभा राहून भलताच विचार करत होतो, बोललो असतो तर मार खाल्ला असता. विचार हा, की असा पाणी न देणारा दगड मिळावा म्हणून फिनलंडच्या लोकांनी अख्खं आयुष्य घातलंय. १९८३ ला तिथल्या सरकारने ठरवलं की अणुकचरा पुरायची जागा २००० पर्यंत निवडायची, आणि गंमत म्हणजे खरंच तेवढ्यात निवडली. ओल्किलुओतो नावाचं बेट, युरायोकी गावच्या हद्दीत, तिथे अणुभट्ट्या आधीपासूनच होत्या. २००४ पासून बोगदा खोदताहेत, नाव ओंकालो, खोली साधारण ४३० मीटर. दगड जवळजवळ १९० कोटी वर्षं जुना.

आता बऱ्याच जणांना वाटतं की प्रश्न किरणोत्साराचा आहे, तो वर येईल वगैरे. अहो, काही मीटर दगड मधे असला की किरणं अडतात, त्याला ४३० मीटर कशाला लागतात. प्रश्न पाण्याचा आहे. वापरलेल्या इंधनात प्लुटोनियम-२३९ असतं, त्याचं निम्मं व्हायला २४ हजार वर्षं लागतात, आणि आयोडीन-१२९ असतं त्याला दीड कोटीच्या वर. हे स्वतःच्या पायांनी चालत वर येणार नाही, त्याला वाहून आणणारं एकच वाहन आहे, भूजल. म्हणून इथला जिऑलॉजिस्ट म्हणजे उलटा पाणाड्या. जिथे बोअरला पाणी लागायची आशा वाटते ती जागा त्याने आधी खोडायची.

पण बिनभेगांचा दगड असा नसतोच. ग्रॅनाइट घ्या, नाइस नावाचा पट्ट्यापट्ट्यांचा टणक दगड घ्या, सगळ्याला तडे असतात, फक्त कुठे दाट कुठे विरळ. त्यात आपण बोगदा काढायला सुरुंग लावणार म्हणजे भिंतीलगत आणखी बारीक तडे आपणच पाडणार, म्हणजे पाण्याला नवी पायवाट. म्हणून डबे ठेवायचे खड्डे सुरुंगाने करत नाहीत. बोगद्याच्या जमिनीत मशिनने सरळ खाली साधारण आठ मीटरचा गोल खड्डा कोरतात आणि मग बघत बसतात की किती झिरपतंय. मिनिटाला १०० मिलीलीटरपेक्षा जास्त आलं तर खड्डा बाद. अर्धा कप चहा समजा. एवढ्यासाठी एवढा महागाचा खड्डा सोडून द्यायचा, हे मला फार आवडलं.

पास झालेल्या खड्ड्यात जातो तांब्याचा डबा. भिंत पाच सेंटीमीटर जाड, आत ओतीव लोखंडाचा गाभा आणि त्या गाभ्यात इंधनाच्या जुड्या. तांबं कशाला, तर ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात ते जवळपास गंजत नाही, आणि एवढ्या खोल पाण्यात ऑक्सिजन नसतो. "जवळपास" म्हटलंय कारण यावर मोठं भांडण झालंय. ही पद्धत मुळात स्वीडनची, आणि तिथल्याच काही संशोधकांनी दावा केला की ऑक्सिजनशिवायही तांबं गंजतं. २०१८ ला स्वीडनच्या पर्यावरण कोर्टाने सरकारला सांगितलं की डब्याबद्दलच्या शंका मिटल्याशिवाय परवानगी देऊ नका. सरकारने शेवटी २०२२ च्या जानेवारीत दिली. माझ्या मते खरा धोका त्या दाव्यापेक्षा सल्फाइडचा जास्त आहे, म्हणजे जमिनीतले जंतू सल्फेटपासून सल्फाइड बनवतात आणि ते तांब्याला खातं. तुमच्या घरातली तांब्याची भांडी काळी पडतात त्यात हवेतल्या गंधकाचा थोडा हात असतोच, तोच प्रकार.

आणि इथे येते माझी लाडकी वस्तू, बेंटोनाइट. पुण्या-मुंबईत मेट्रोच्या किंवा पुलाच्या पायलिंगजवळून गेला असाल तर ते करड्या चिखलाचं पाणी बघितलं असेल, खड्ड्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून भरतात, ते हेच. ओली झाली की फुगणारी माती. पावसाळ्यात आपली काळी जमीन फुगते आणि उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात ना, त्यामागे ज्या जातीची खनिजं आहेत त्याच जातीचं हे, पण फार कडक. दाबून विटा आणि कडी बनवतात आणि डब्याभोवती रचतात. मग झिरपणारं पाणी आलं की माती फुगते, पण फुगायला जागाच नाही, म्हणून दाब वाढतो, बारीकसारीक फटी स्वतःच बुजतात आणि माती इतकी घट्ट होते की तिच्यातून पाणी वाहत नाही, रेणू रेणू करत सरकतं फक्त. जंतूंनाही त्यात हातपाय पसरता येत नाहीत, म्हणजे सल्फाइडचा कारखाना डब्याला चिकटून चालत नाही. एकच अट, फार तापवायची नाही. म्हणून डबे लांब लांब ठेवतात आणि त्याआधी इंधन काही दशकं पाण्याच्या टाकीत थंड करतात, कारण डब्याजवळ १०० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही असं ठरवलेलं आहे. कच्छच्या बेंटोनाइटच्याही चाचण्या त्या लोकांनी केल्यात बरं का, बोगदे भरण्यासाठी.

या मातीला भीती कशाची, तर गोड्या पाण्याची! खारट पाण्यात ती नीट धरून राहते, अगदी कमी क्षाराच्या पाण्यात तिचे कण सुटून वाहून जाऊ शकतात. ओंकालोच्या खोलीला आज पाणी खारट आहे. पण हिशोब आजचा नाही, पुढच्या हिमयुगाचा आहे. तेव्हा या बेटावर दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ बसणार आणि तो वितळताना गोडं पाणी दाबाने भेगांतून खाली जाऊ शकतं. मागच्या हिमयुगाचं ओझं उतरल्यापासून ती जमीन अजून वर येतेय, वर्षाला साधारण ६ मिलीमीटर. असं ओझं उतरलं की दडपलेले जुने तडे सरकतात, भूकंप होतात. स्वीडनच्या उत्तरेला पार्वी नावाचा तडा आहे, दीडशे किलोमीटर लांब, बर्फ वितळायच्या सुमारास सरकलेला. म्हणून डबा असा बनवलाय की त्याच्या आडव्या रेषेत दगड पाच सेंटीमीटर सरकला तरी फुटू नये. त्यापेक्षा जास्त सरकेल अशी भेग जिथे दिसते तिथे खड्डा घेतच नाहीत.

ही सगळी काळजी फाजील वाटत असेल तर जर्मनीचं आस्से बघा. जुनी मिठाची खाण, बंद पडलेली, आयती जागा मिळाली म्हणून १९६७ ते १९७८ मधे तिथे कमी आणि मध्यम किरणोत्सारी कचऱ्याची सव्वा लाखाच्या वर पिंपं टाकली, काही तर नुसती लोडरने उतारावर लोटून वर मीठ ढकललं. मीठ तसं उत्तम, कारण मीठ शिल्लक आहे म्हणजेच तिथे कोट्यवधी वर्षं पाणी आलं नाही, आणि ते हळूहळू सरकून पोकळी बुजवतं. पण इथे खाणवाल्यांनी मीठ काढता काढता बाहेरच्या दगडापर्यंत फार कमी भिंत ठेवली होती, पोकळ्या दबत गेल्या, भिंतीला तडे गेले आणि १९८८ पासून पाणी आत यायला लागलं. रोज साधारण १२ हजार लीटर. आपल्या भाषेत रोज एक टँकर. आता ती पिंपं परत बाहेर काढायचा कायदा २०१३ ला झालाय, आणि ते काम पुरण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतलं मीठ मात्र चांगलं होतं, मुद्दाम निवडलेलं, ६५५ मीटर खोल. तिथे २०१४ ला कचऱ्याचं पिंप फुटलं ते मांजराच्या वाळूमुळे, म्हणजे पाळीव मांजराच्या शी-शूसाठी घरात ठेवतात ती. ओल शोषायला मातीची वाळू वापरायची त्याऐवजी गव्हापासून बनवलेली वापरली, नायट्रेट क्षार आणि गव्हाचा भुसा म्हणजे तापायला निमित्तच. जवळजवळ तीन वर्षं सगळं बंद. दगड बिचारा निर्दोष.

मग आपलं काय. भारतात वापरलेलं इंधन कचरा मानत नाहीत, त्यातून प्लुटोनियम, युरेनियम काढून घेतात आणि उरलेलं द्रव काचेत मिसळून स्टीलच्या डब्यांत ओततात. हे तारापूरलाही होतं, आणि ते डबे तिथेच, हवेच्या नैसर्गिक झोताने थंड होत, देखरेखीखाली ठेवतात. म्हणजे पुरायची घाई नाही. पण उद्या कुणी म्हणालं की सह्याद्रीत एवढा काळा पाषाण आहे, तिथेच खणा, तर मामांचं शेत दाखवावं लागेल. आपला बेसाल्ट म्हणजे लाव्हाचे थरावर थर, मधेमधे लाल गेरूसारखी माती, आणि पाणी बऱ्याचदा त्या सांध्यात नाहीतर भेगाळ थरात. १८० फुटांवरची ती ओल असल्याच सांध्याची असावी, एवढीशी. शेजाऱ्याला दोनशे पावलांवर तीन इंची पाणी आहे. असा लहरी दगड कागदावर मांडता येत नाही. अमेरिकेने हॅनफर्डला अशाच लाव्हाच्या बेसाल्टचा बरीच वर्षं अभ्यास केला आणि १९८७ ला तो नाद सोडून नेवाडाचा युक्का डोंगर धरला, तोही पुढे राजकारणात अडकला ते वेगळं.

भारतात प्रयोग झाला तो कोलारच्या सोन्याच्या खाणीत, १९८० च्या दशकात. सुमारे १००० मीटर खोल, जुन्या टणक दगडात हीटर लावून ठेवले, कचऱ्याच्या उष्णतेने दगड कसा वागेल ते मोजायला. नुसती उष्णता, कचरा नाही. २००१ ला खाण बंद झाली, पंप थांबले आणि खालच्या गॅलऱ्यांमधे पाणी भरत गेलं.