मणक्याच्या टीबीवरचे ‘गाजलेले’ निबंध: पार्श्वभूमी

सोलापुरात कुणाची पाठ दोन-तीन महिने दुखत राहिली की आधी गोळी, मग बाम, मग पट्टा. विड्या वळणारीचं तर वाकून बसण्याचंच दुखणं, असं घरचेही धरून चालतात. मणक्याला टीबी आहे हे एमआरआयमध्ये दिसेपर्यंत कधी कधी पाय जड पडू लागलेले असतात. मग घरच्यांचा पहिला प्रश्न: ऑपरेशन लागेल का?

या प्रश्नावर जगभर जे लिहिलं गेलं, त्यातल्या कोणत्या निबंधाचा पुढच्यांनी किती वेळा आधार घेतला, याची मोजदाद म्हणजे सायटेशन ॲनालिसिस. त्यातून सर्वाधिक आधार घेतलेल्या निबंधांच्या याद्या निघतात. अशी पद्धतशीर मोजदाद १९६४ पासूनची. ज्याच्या नावाने हा आजार ‘पॉट्स डिसीज’ म्हणून ओळखला जातो त्या लंडनच्या सर्जन पर्सिव्हल पॉटचं लिखाण १७७९ चं, आणि या याद्यांत ते जवळपास दिसतच नाही. नाव आजारालाच चिकटल्यावर मूळ लिखाणाचा दाखला कोण देतो?

याद्यांमध्ये वरचढ आहे ती हाँगकाँगची शस्त्रक्रिया. पुढून छाती उघडायची, पू आणि सडलेलं हाड काढायचं, रिकाम्या जागी रुग्णाच्याच हाडाचा तुकडा पाचरीसारखा ठोकायचा. १९५६ साली ती मांडली गेली, १९६० च्या निबंधात ४१२ रुग्ण होते. नायजेरियातून १९६२ साली याच्या अगदी उलट अनुभव आला: औषधं द्या आणि रुग्णाला हिंडू-फिरू द्या. त्याचा बोलबाला त्या मानाने कमी झाला. हाड कोरून काढल्याचं वर्णन वाचायला थरारक असतं, गोळ्या खाऊन बरा झालेला माणूस नसतो.

निकाल लावायला ब्रिटिश संशोधकांनी साठच्या दशकात कोरियातलं मासान आणि पुसान, ऱ्होडेशियातलं (आजचं झिंबाब्वे) बुलावायो आणि हाँगकाँग इथे चाचण्या घेतल्या. मासानमध्ये सहा महिने खाटेवर झोपवणं विरुद्ध चालतं-फिरतं ठेवणं, पुसानमध्ये नऊ महिने प्लास्टरचं जाकीट विरुद्ध काहीच नाही. औषधं नीट घेतली तर खाटेचा किंवा जाकिटाचा वेगळा फायदा नाही, असं १९७३ साली छापून आलं.

पण ‘फायदा’ म्हणजे काय? सगळी गुंतागुंत इथे आहे. या चाचण्यांत यशाची व्याख्या होती ‘अनुकूल स्थिती’: रोग शांत, बाहेर दिसणारं गळू वा वाहती जखम नाही, पायांत कामाला आड येईल अशी कमजोरी नाही, रोजची कामं पूर्ण चालू. कुबडाचा कोन या व्याख्येत नव्हता. म्हणजे पाठ वाकून गेलेला माणूस कामावर जात असेल तर तो ‘अनुकूल’. हाँगकाँगच्या चाचणीत वर सांगितलेली मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांत कुबड कमी वाढलं. तो मुद्दा या शब्दाखाली दबला. त्यामुळे एकाच चाचणीचा दाखला शस्त्रक्रियावाले आणि गोळीवाले दोघेही देतात, आणि आकडा दोघांमुळे फुगतो. मोजणाऱ्या यंत्राला सहमती आणि भांडण यांतला फरक कळत नाही. माझ्या मते या याद्यांमधली सगळ्यात फसवी गोष्ट हीच.

आकडा आणखी एका वाटेनेही वाढतो. डीटीपीच्या दुकानात प्रबंध बांधायला येतात तेव्हा नव्या प्रबंधाच्या संदर्भयादीत जुन्याची स्पेलिंगची चूक जशीच्या तशी उतरलेली मी पाहिली आहे. मूळ निबंध कुणी उघडला असेल, देव जाणे.

भारतातून १९७५ साली वाराणसीचा ‘मधला मार्ग’ आला: आधी औषधं, पायांत सुधारणा दिसत नसेल किंवा कमजोरी वाढतच असेल तरच सुरी. आज अनेक सर्जन याच वाटेने जातात. आणि कुबडाचा विसरलेला हिशेब २००१ साली दक्षिण भारतातूनच पुढे आला. लहान मुलांवर १५ वर्षं लक्ष ठेवून, कुणाची पाठ पुढे वाकणार हे एक्स-रेवर आधीच ओळखायच्या चार खुणा त्यात सांगितल्या.

मद्रासच्या चाचणीने सहा ते नऊ महिन्यांची औषधं पुरतात असं दाखवलं होतं. भरपूर उद्धृत झालेलं काम. तरीही २०१६ च्या भारतीय मार्गदर्शक सूचनांत हाडाच्या टीबीसाठी १२ महिने ठेवले आहेत, गरज पडल्यास १८.