मोठ्या शिकारीचं काडतूस (निवड)

हत्ती, गवा, आफ्रिकन म्हैस असल्या अंगापिंडानं दांडग्या आणि उलटून अंगावर येणाऱ्या जनावरांसाठी रायफलचं काडतूस कोणतं घ्यायचं हा प्रश्न आधुनिक अर्थानं १८९८ च्या सुमारास सुरू झाला, तेव्हा लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीनं .४५० नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस आणलं (.४५० म्हणजे नळीचा आतला व्यास, म्हणजे बोअर, इंचात). काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट ही जवळजवळ बिनधुराची दारू, ४८० ग्रेनची (सुमारे ३१ ग्रॅम) गोळी, वेग सेकंदाला साधारण २१५० फूट. त्याआधी हत्तीसाठी चार आणि आठ बोअरची (इथे आकडा इंचाचा नव्हे, एका पौंड शिशाच्या नळीच्या मापाच्या किती गोळ्या होतील त्याचा) अवजड धुडं खांद्यावर वागवावी लागत, ती यानंतर मागे पडत गेली.

मग ब्रिटिश सरकारनं हिंदुस्थान आणि सुदानात .४५० बोअरवर बंदी घातली. तारखेबद्दल एकमत नाही, काही जण १९०५ म्हणतात, बहुतेक १९०७, आणि पर्यायी काडतुसं ज्या सुमाराला बाजारात आली ते बघता १९०७ जास्त पटतं. कारण सांगितलं जातं ते असं की बंडखोरांकडे मार्टिनी-हेन्री या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफली होत्या, त्यांचा बोअर याच मापाचा, म्हणून दारूगोळा त्यांच्या हाती लागेल ही भीती. पण हे नुसतं असंच्या असं मानू नये, नायट्रोचं लांब काडतूस मार्टिनीत बसतच नाही, धोका असलाच तर गोळी उपटून दुसऱ्या केसमध्ये (काडतुसाच्या धातूच्या कवचात) भरण्याचा. कारण काहीही असो, कारखानदारांनी बोअर थोडा वाढवून वाट काढली: हॉलंड अँड हॉलंडचं .५००/४६५, जोसेफ लँगचं .४७०, वेस्टली रिचर्ड्सचं .४७६. म्हणजे आज जे आकडे शिकाऱ्यांच्या तोंडी आहेत त्यातले बरेचसे जनावर बघून नव्हे, कायदा बघून ठरलेत, आणि निवडीची चर्चा करताना हे विसरलं जातं.

दुसरी अडचण उन्हाची. कॉर्डाइट तापलं की चेंबरमधला (काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागातला) दाब वाढतो, केस अडकते, आणि जखमी जनावरासमोर अडकलेली केस म्हणजे जीवाशी गाठ. म्हणून दुनळीसाठी बुडाशी कडा असलेल्या, कमी दाबाच्या मोठ्या केस निवडल्या गेल्या. १९१२ चं .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम मात्र मुख्यतः बोल्टवाल्या (खटका मागेपुढे ओढून काडतूस भरायच्या) रायफलीसाठी, निमुळती केस असल्यानं सहज आत जाते आणि सहज निघते, बुडाशी असलेला पट्टा केसला चेंबरमध्ये जागेवर धरतो, दुनळीवाल्यांसाठी कडेची आवृत्तीही निघाली.

बोअर मोठा की गोळी खोल जाणारी, हा वाद जुना आहे. स्कॉटिश शिकारी वॉल्टर बेल यानं हजारावर हत्ती मारले, त्यातले पुष्कळसे ७ मिलीमीटरच्या छोट्या काडतुसानं, धातूच्या पूर्ण आवरणाची न पसरणारी गोळी आणि मेंदूचा अचूक नेम यांच्या जोरावर. त्याचा दाखला देऊन लहान बोअरची भलामण करणं बरोबर नाही, हत्तीची शरीररचना त्याला पाठ होती, चार्ज करून येणारं जनावर समोर असलं तर तसा नेम सगळ्यांना साधत नाही. इथे .३७५ ची ३०० ग्रेनची गोळी ही किमान, आणि गर्द झाडीत जवळून .४१६ रिग्बी किंवा .४७०, हे मत जास्त टिकाऊ वाटतं. आफ्रिकेतल्या अनेक देशांचे नियम घातक जनावरांसाठी .३७५ हीच खालची मर्यादा धरतात.

अमेरिकेत १९५६ ला .४५८ विंचेस्टर मॅग्नम आलं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशा शिकारीला वाव उरला नाही, केनियात १९७७ पासून बंदी आहे.