ड्रॉइंग मास्तर (ग्रामीण विदर्भ)

ड्रॉइंग मास्तर : हायस्कुलात चित्रकला शिकवणारा आणि शाळा सुटल्यावर गावाचे रंगकाम, पाटीलेखन व बऱ्याचदा पुढारपणही सांभाळणारा शिक्षक. कागदोपत्री पद ‘कलाशिक्षक’ असे असले, तरी खेड्यांत जुनी माणसे ‘ड्राइंग मास्तर’ म्हणतात. नव्या पिढीत ‘ड्राइंग सर’ रूढ आहे.

या परंपरेचे मूळ सांगताना तीन धागे दाखवले जातात. पहिला मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचा (स्थापना १८५७). मापात बसवलेली रेघ, भूमिती आणि नक्षी यांवर भर देणारे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेचे वळण तेथून शाळांत उतरले, आणि आजच्या शासकीय रेखाकला परीक्षांवरही त्याची छाप आहे. मात्र विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्याआधी तो नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता आणि मुंबईच्या शिक्षणखात्याचा अंमल येथे नव्हता. म्हणून या धाग्याने परीक्षेचा उलगडा होतो, मास्तराचा पुरता होत नाही.

दुसरा धागा वर्ध्याचा. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम, म्हणजे हस्तोद्योगातून शिकवण्याची गांधीजींची शिक्षणपद्धती, आकाराला आली. शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकलेले देवीप्रसाद (१९२१–२०११) वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या शाळेत १९४४ पासून चित्रकला शिकवत. मुलाने नमुना गिरवू नये, पाहिलेले व भोगलेले काढावे, आणि मातीकाम, सूत व चित्र ही एकाच कामाची अंगे मानावीत, असा त्या शाळेचा रोख होता. देवीप्रसाद १९६२ मध्ये युद्धविरोधी चळवळीच्या कामासाठी लंडनला गेले. सेवाग्रामचा हा विचार आदराने सांगितला जातो. परंतु आसपासच्या हायस्कुलांच्या वेळापत्रकात तो फारसा शिरला नाही.

तिसरा धागा चितारी कारागिरांचा. नागपुरातील चितारओळ ही मूर्तिकार-रंगाऱ्यांची वस्ती प्रसिद्ध आहे. मूर्ती घडवणे, भिंत रंगवणे, लाकडी नंदी रंगवणे ही कामे कलाशिक्षकाच्या पदविकेच्या पुष्कळ आधीपासून या प्रदेशात चालत आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांनी लाकडी नंदी मिरवण्याची, म्हणजे तान्हा पोळ्याची, प्रथा दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या काळात, साधारण १८०६ च्या सुमारास, सुरू झाल्याचे सांगतात. मास्तराचे प्रमाणपत्र पहिल्या धाग्याचे, पण हात तिसऱ्याचा, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून दिसते.

खेड्यापर्यंत हे पद पोहोचले ते हायस्कुलांबरोबर. वऱ्हाडात पंजाबराव देशमुख यांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने (१९३२) आणि पुढे तशाच इतर संस्थांनी शाळा काढल्या, तेव्हा गणित-इंग्रजीच्या मास्तरांसोबत एक चित्रकलेचा मास्तरही गावात बिऱ्हाड करू लागला. कला संचालनालय १९६५ मध्ये स्थापन झाले. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या त्याच्या परीक्षांना मुले बसवणे हे मास्तराच्या वर्षाचे मुख्य काम. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन हे त्यांतले नेहमीचे विषय. अलीकडे इंटरमिजिएटच्या अ, ब व क श्रेणींना दहावीत अनुक्रमे ७, ५ व ३ वाढीव गुण मिळू लागले आणि चित्रकलेच्या तासाकडे पालकांचे एकाएकी लक्ष गेले.

शाळेबाहेरच्या कामाचा पाया म्हणजे चौकटी पाडून चित्र वाढवण्याची रीत. मूळ छायाचित्रावर पाव इंचाचे चौकोन आखायचे आणि भिंतीवर तेच एक-एक फुटाचे पाडायचे, म्हणजे लांबी-रुंदी ४८ पट होते. भिंतीवर पट्टी पुरत नाही. निळीत बुडवलेली सुतळी दोन टोकांना ताणून झटकली की सरळ रेघ उमटते. पुढे एकेका चौकोनात दिसेल तेवढेच काढायचे. चेहरा डोळ्यांपासून सुरू करू नये, असे शिकवतात. कपाळ व हनुवटीची हद्द आधी ठरली नाही तर माणूस ओळखू येत नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या झाडीपट्टीत नाटकाच्या पडद्यांचे काम मास्तराकडे येई. धानकापणी आटोपली की मंडई (गावजत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने रात्रभर नाटके होतात. वडसा (देसाईगंज) हे नाटक मंडळ्यांचे मोठे केंद्र. या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पडद्यासाठी मांजरपाट शिवून त्यावर खळ देत आणि सरसात (चिकट डिंकासारख्या द्रवात) कालवलेले भुकटी रंग लावत. सरस जास्त झाला तर गुंडाळताना रंग तडकतो, कमी पडला तर हाताला येतो. बत्तीच्या पिवळट उजेडात पिवळा आणि पांढरा वेगळे ओळखू येत नाहीत, म्हणून राजवाड्याच्या पिवळ्या खांबांना तांबूस कडा देत. राजवाडा, रस्ता, जंगल एवढ्या पडद्यांवर सगळी नाटके निभत.

मास्तर पुढारी कसा झाला, याचे उत्तर भाषणात नसून ब्रशात आहे. गणपतीची आरास, १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी बाबासाहेबांचे चित्र, गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेच्या जागी तुकडोजी महाराजांच्या ओव्या, निवडणुकीत परस्परविरोधी उमेदवारांची नावे : सारे एकाच हातचे. त्यामुळे कोणत्याही वस्तीत त्याचे जाणे कुणाला खटकत नसे. तंटा मिटवायचा, वर्गणीचा हिशेब ठेवायचा, तालुक्याला अर्ज लिहायचा तर माणसे त्याच्याकडे येत. अक्षर चांगले म्हणून अर्ज आणि अर्जामुळे मध्यस्थी, असा हा क्रम. मजुरीबद्दल कुणी विचारले तर रंगाचे पैसे तेवढे द्या, असे उत्तर ठरलेले; घरच्यांचे त्यावर काय म्हणणे असे, ते निराळे. कलाशिक्षिकांकडे भुलाबाई (मुलींचा गाण्यांचा उत्सव) आणि रांगोळीच्या स्पर्धा आपोआप सोपवल्या जात. गावकीचे मध्यस्थपण मात्र क्वचितच.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असेल तर कलेसाठी अंशकालीन निदेशक नेमण्याची तरतूद आहे. अंशकालीन माणूस तालुक्याहून येतो आणि तास घेऊन परततो. पाट्यांचे काम फ्लेक्सने नेले. पोळ्याला झूल, बेगड, मठाट्या असा बैलांचा साज बाजारातून येतो. तान्हा पोळ्यात नंदीसजावटीचे पहिले बक्षीस कुणाला द्यायचे, हे ठरवायला मात्र निवृत्त ड्रॉइंग मास्तरालाच बोलावतात.