गोळीचा त्रास आधी, गुण नंतर

“पाच दिवस गोळी घेतली. मन होतं तसंच आहे, वर मळमळ सुरू झाली.” नैराश्यासाठी एस्सिटॅलोप्रॅम किंवा सर्ट्रालिन सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात ही तक्रार येते. घरातलं कुणीतरी म्हणतं, “मग सोडून दे, उगाच सवय लागेल.” गोळ्यांची पट्टी कपाटात जाते आणि औषध लागू पडायच्या आधीच उपचार थांबतात. मला याचं फार वाईट वाटतं. त्या माणसाचा त्रास खरा असतो. पण त्रास आणि गुण एकाच वेळी येत नाहीत, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

सेरोटोनिन मेंदूतलं रसायन म्हणून प्रसिद्ध झालं, पण शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन पचनमार्गात असतं. इटलीच्या व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना १९३०च्या दशकात ते सापडलं, तेही पचनमार्गाच्या अस्तरातच. पेशीबाहेर आलेलं सेरोटोनिन पुन्हा आत ओढून घेणारी दारं या गोळ्या अडवतात. हे काम काही तासांतच सुरू होतं, आणि मेंदूबरोबर आतड्यांतही होतं. म्हणून मळमळ, पातळ शौच, भूक मंदावणं. बहुतेकांचा हा त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतो. जेवणानंतर गोळी घेतली तर तो सोसवतो.

मग मन लगेच का सुधारत नाही? सेरोटोनिन वाढल्याचं कळताच ते सोडणाऱ्या पेशी स्वतःच हात आखडता घेतात. हा ब्रेक सैल पडायला काही आठवडे लागतात. त्यापुढे मेंदूतल्या पेशींच्या जोडण्याही हळूहळू बदलतात. ‘सेरोटोनिन कमी म्हणजे नैराश्य’ एवढं सोपं असतं, तर पहिल्या गोळीलाच बरं वाटलं असतं. प्रत्यक्षात थोडा गुण जाणवायला दोन ते चार आठवडे, आणि पुरता यायला सहा-आठ आठवडे लागतात. पहिल्या औषधाने सगळ्यांनाच बरं वाटतं असंही नाही. अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने साधारण एक तृतीयांश लोकच नैराश्यातून पूर्ण बाहेर आले. उरलेल्यांसाठी औषध बदलणं किंवा जोडीला दुसरं देणं हा उपचाराचाच पुढचा टप्पा असतो.

काही त्रास मात्र आपोआप जात नाहीत. लैंगिक इच्छा कमी होणं किंवा तृप्तीला उशीर लागणं हा त्यातला मोठा. त्याबद्दल कुणी बोलत नाही. नवरा-बायको एकमेकांबद्दल भलताच समज करून घेतात आणि गोळी गुपचूप बंद होते. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. डोस कमी करता येतो किंवा ब्युप्रोपिऑनसारखं दुसरं औषध देता येतं. मिर्टाझापिननेही हा त्रास कमी होतो, पण भूक आणि वजन वाढतं.

एका बाबतीत मात्र थांबून वाट पाहायची नाही. सुरुवातीला किंवा डोस बदलल्यावर कमालीची अस्वस्थता किंवा आत्महत्येचे विचार आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. पंचविशीच्या आतल्यांवर घरच्यांनी विशेष लक्ष ठेवायचं. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ वर चोवीस तास असते.

बरं वाटल्यावरही किमान सहा-नऊ महिने औषध चालू ठेवतात. नैराश्य वारंवार येत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. या गोळ्यांची नशा लागत नाही, पण शरीराला त्यांची सवय होते. एकदम सोडल्या तर गरगरतं, चिडचिड होते, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं. पॅरॉक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून त्यांचा त्रास जास्त; फ्लुऑक्सेटिन कित्येक दिवस रेंगाळतं, म्हणून कमी. नेहमीच्या सर्वात लहान डोसनेच मेंदूतली सुमारे ८० टक्के दारं अडलेली असतात. मोठा डोस निम्मा केला तर तिथे फारसा फरक पडत नाही, पण लहान डोस एकदम शून्यावर आणला की सगळी दारं एकाच वेळी उघडतात. म्हणून सर्वात सावकाश सोडायची असते ती शेवटची अर्धी गोळी.