क्युबेककडची वंशावळ: काम देण्याआधी हे वाचा

सून किंवा जावई कॅनडातल्या क्युबेकच्या फ्रेंच घराण्यातले आहेत आणि नातवंडांच्या वंशावळीत तिकडची बाजू कोरी आहे, तर धीर सोडू नका. तिथल्या कॅथलिक चर्चच्या वह्या सतराव्या शतकापासून बऱ्यापैकी सलग टिकल्या आहेत. १६७९ पासून प्रत्येक वहीची दुसरी प्रत न्यायालयात जमा होई. म्हणून चर्च जळालं तरी नोंद सहसा मिळते.

आम्ही जन्मनोंदीपासून नाही, लग्नापासून सुरुवात करतो. लग्नाच्या नोंदीत वर-वधू दोघांच्या आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरच्या आडनावासकट. एका लग्नातून मागची दोन जोडपी कळतात. मग त्यांची लग्नं शोधायची. १९५० पासून १६७० पर्यंत जायला नऊ-दहा पायऱ्या पुरतात. लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) लागायचं, तेव्हा शोध तिच्या गावापासून. वधू विधवा असेल तर मात्र आईवडिलांऐवजी बहुतेकदा दिवंगत नवऱ्याचंच नाव असतं. अशा वेळी तिचं पहिलं लग्न आधी गाठावं लागतं.

लग्नानंतर बाईचं नाव कागदोपत्री बदलत नाही, दफनाच्या नोंदीतही माहेरचंच आडनाव. १९८१ पासून तर क्युबेकमध्ये तसा कायदाच आहे. आपल्याकडे पणजीचं माहेर शोधताना जी दमछाक होते, ती इथे वाचते.

खरा घोळ आडनावांचा. ‘मिव्हिल दी देशेन’ यातला ‘दी’ म्हणजे आपला ‘ऊर्फ’. १६६५ मध्ये फ्रान्सहून आलेल्या कारिन्यां-साल्येर पलटणीतल्या शिपायांना लाफ्लर (फूल), सांरेग्रे (पश्चात्ताप नसलेला) अशी टोपणनावं असत. जे तिथेच राहिले, त्यांतल्या अनेकांचं टोपणनाव पुढे आडनाव झालं. पण सगळी ऊर्फ-नावं पलटणीतून आलेली नाहीत. पुढच्या पिढ्यांत एक भाऊ मिव्हिल लावी, दुसरा देशेन, आणि एकाच माणसाच्या बाप्तिस्म्यात एक तर लग्नात दुसरं. घराणं अचानक ‘संपलं’ असं दिसलं की आम्ही आधी ऊर्फ-नाव तपासतो. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या गिरण्यांत कामाला गेलेल्यांची नावं तर भाषांतरितही झाली: रुआचा किंग, बुआव्हेरचा ग्रीनवुड.

बाप्तिस्म्याची नावं फसवी असतात. मुलाच्या नावात सुरुवातीला जोसेफ, मुलीच्या मारी, मग बरेचदा धर्मपिता किंवा धर्ममातेचं नाव, आणि हाक मारायचं नाव सहसा शेवटी. ‘मारी लुईझ फिलोमेन’ घरात फिलोमेनच असते. चार बहिणी मारी असणं यात विशेष काही नाही. मूल दगावलं की तेच नाव पुढच्या मुलाला देत, म्हणून बाप्तिस्मा जुळला तरी दफनाची वही पाहिल्याशिवाय आम्ही नाव पक्कं करत नाही.

तारखेतली हमखास होणारी चूक: ‘७ब्र’ म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर. लॅटिनमध्ये सात म्हणजे सेप्टेम; जुनं वर्ष मार्चपासून मोजत त्याची ही खूण. तसंच ८ब्र ऑक्टोबर, ९ब्र नोव्हेंबर, आणि फुलीसारखं रोमन दहा व त्यापुढे ‘ब्र’ म्हणजे डिसेंबर. मुलाचा जन्म आईवडिलांच्या लग्नाच्या आधीचा दिसत असेल, तर दोष या अंकाचा असू शकतो.

लग्नाच्या नोंदीत नात्याची ‘सूट’ (रक्ताच्या नात्यात लग्न करायला चर्चने दिलेली परवानगी) दिसली तर ती सोडू नका. दोन्ही बाजूंनी तिसऱ्या पायरीची सूट म्हणजे वर-वधूंचे एक पणजोबा-पणजी सामाईक. एक बाजू अडली असेल तर या एका ओळीने ती पुष्कळदा सुटते.

आमच्याकडे येताना आजी-आजोबांच्या लग्नाचं वर्ष, पॅरिशचं नाव आणि घरात माहीत असलेली सगळी आडनावं आणा, स्पेलिंग वेगवेगळी असली तरी. १९९४ पासून नोंदी सरकारी निबंधकाकडे असतात. त्यांचे दाखले तुमच्या सुनेने किंवा जावयाने स्वतः मागवावेत.