चौदा वर्षांच्या पोरांची हाडं एका वयाची नसतात

सोयाबीन निघालं, शेतं मोकळी झाली की आमच्या यवतमाळ-वर्धा पट्ट्यात गावोगाव स्पर्धांचे फ्लेक्स लागतात. सगळ्यात जास्त कबड्डीचे, पण आता फुटबॉलचेही दिसतात. अंडर-फोर्टीनचा सामना पाहायला उभं राहिलं की एक गोष्ट नजरेत भरतेच. स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या जागेवर मिसरूड फुटलेला, आवाज घोगरा झालेला, साडेपाच फुटी मुलगा असतो. त्याच्यासमोर विंगेवर, म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई करायला असतं जेमतेम साडेचार फुटांचं पोरगं, ज्याच्या जर्सीच्या बाह्या कोपराखाली येतात. बांधावरचे लोक लगेच म्हणतात, "वय चोरलंय." कधी कधी ते खरं असतं. पण पुष्कळदा दोघांचे जन्मदाखले अस्सल असतात आणि दोघं खरोखरच तेरा वर्षांचे असतात. फरक असतो तो हाडांच्या वयात.

आपल्या लांब हाडांच्या टोकाशी मऊ कूर्चेची एक पट्टी असते. तिथे नव्या पेशी तयार होतात आणि हाड लांब होतं. वयात येताना संप्रेरकांमुळे ही वाढपट्टी आधी झपाट्याने काम करते, मग हळूहळू तिचं हाड होतं आणि उंची थांबते. डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढला की हा प्रवास कुठवर आला ते डॉक्टरांना वाचता येतं. त्यालाच हाडांचं वय म्हणतात. निरोगी मुलांतही ते जन्मदाखल्यापेक्षा दोन वर्षं पुढे किंवा दोन वर्षं मागे असू शकतं. म्हणजे एकाच वर्गातल्या, एकाच बाकावरच्या दोन मुलांत शरीराच्या हिशोबाने चार वर्षांचं अंतर पडू शकतं. मुलांची उंची सरासरी १४व्या वर्षाच्या आसपास सगळ्यात वेगाने वाढते, मुलींची १२व्या वर्षाच्या आसपास. त्या वर्षात मुलगा नऊ-दहा सेंटिमीटर सहज वाढतो. पण हे सरासरीचं गणित झालं. कुणाचा हा काळ बाराव्या वर्षीच येतो, कुणाचा सोळाव्या वर्षी.

आता क्लबचा कोच काय करतो? रविवारी स्पर्धा आहे, वर्गणी गोळा करून प्रवेश फी भरलेली आहे, सरपंचांच्या हस्ते चषक मिळायचा आहे. तो साहजिकच लवकर वाढलेली पोरं घेतो. बारक्याबद्दल वाक्य ठरलेलं असतं: "पाय चांगला हाये त्याचा, पण धक्क्यानंच पडन तो." आणि तो बाहेर बसतो. एक हंगाम बसतो, दुसराही बसतो, मग मैदानाकडे फिरकत नाही. त्याची वाढ जेव्हा सुरू होते तेव्हा तो संघात नसतो. गावातल्या क्लबकडून होणारं सगळ्यात मोठं नुकसान मला हेच वाटतं. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, म्हणूनच ते कुणाच्या लक्षात येत नाही.

जन्माच्या महिन्यानेही असाच खेळ होतो. १९८५ साली कॅनडात रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की आइस हॉकीच्या निवडक संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुलं फार जास्त असतात, कारण वयोगटाची सीमा १ जानेवारीला आखलेली होती. जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षभराने मोठा असतो, पण गट एकच. बेल्जियमच्या फुटबॉलमध्ये तर याची आयतीच परीक्षा झाली. तिथे १९९७ साली सीमा १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आणली. आधी ऑगस्ट-सप्टेंबरात जन्मलेल्यांची निवड जास्त व्हायची. सीमा हलताच जानेवारी-फेब्रुवारीवाले पुढे आले. तारीख बदलली तशी 'प्रतिभा'ही दुसऱ्या महिन्यांत सरकली. आपल्याकडे आजोबांच्या पिढीत अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जून असायची, गुरुजींनी शाळेत नाव घालताना लिहिलेली, त्यामुळे असा हिशोब मांडायची सोयच नव्हती. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, दाखले खरे असतात, तेव्हा कोणत्याही तालुका संघाची यादी घेऊन जन्ममहिने मोजता येतील. प्रशिक्षकांनी ते एकदा करून पाहावं.

विदर्भात या गोष्टीला आणखी एक पदर आहे, आणि मला तो सगळ्यात जास्त टोचतो. शरीर वयात कधी येणार हे काही अंशी आनुवंशिक असतं, पण पोषणावरही अवलंबून असतं. लहानपणी पोटभर आणि कसदार मिळालं नाही तर ही वाढ लांबते. मेळघाटातल्या, गडचिरोलीतल्या, कोरडवाहू कापसावर जगणाऱ्या घरातल्या मुलाची उंची उशिरा वाढण्याची शक्यता म्हणून जास्त. अशा मुलाला आपण तेराव्या वर्षी अंगापिंडावरून बाद करतो, तेव्हा आपण त्याचा खेळ पाहत नसतो, त्याच्या घरचं ताट पाहत असतो. ज्याला क्लबची गरज सर्वांत जास्त, तोच आधी गळतो.

आणि लवकर निवडलेले तरी पुढे टिकतात का? जर्मनीत आर्ने ग्युलिच यांनी व्यावसायिक क्लबांच्या अकादम्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. तिथे दरवर्षी जवळपास चौथा हिस्सा मुलं बदलली जात होती. पुढे राष्ट्रीय संघात पोचलेले बहुतेक खेळाडू लहानपणीच निवडून सलग घडवलेले नव्हते. ते मधल्या वर्षांत टप्प्याटप्प्याने आत आले होते. याच ग्युलिच यांनी सहकाऱ्यांसह २०२२ मध्ये वेगवेगळ्या खेळांतल्या ६,०९६ खेळाडूंची माहिती एकत्र तपासली. जागतिक दर्जाला पोचलेल्यांनी लहानपणी इतर खेळ जास्त खेळले होते, मुख्य खेळ उशिरा धरला होता आणि सुरुवातीला त्यांची प्रगती इतरांपेक्षा सावकाश होती.

हे वाचून मला आट्यापाट्या आठवतात. पाटीवर उभ्या भिडूला खांद्याने एकीकडचा भास द्यायचा आणि पाय दुसरीकडे टाकायचा, हे विदर्भातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. विंगरला बचावपटूसमोर दुसरं काय करायचं असतं? कबड्डीतला चपळ परतीचा पाय, खो-खोतलं अचानक वळण, झाडावरची चढउतर, या सगळ्यातून तोल आणि चपळाई घडते. म्हणून बारा वर्षांच्या मुलाला "आता फक्त फुटबॉल, शाळेची कबड्डी बंद" असं सांगणारा क्लब त्याची शिदोरीच काढून घेतो.

जास्त सरावाची किंमत गुडघा मोजतो. उंची भराभर वाढत असताना हाड पुढे धावतं, स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा मागे राहतात. मांडीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीखालून नडगीच्या वरच्या टोकाला जोडलेला असतो, आणि नेमकी तिथेही एक वाढपट्टी असते. प्रत्येक किक, प्रत्येक उडी तिला ओढते. मग तिथे बोराएवढा टणक उंचवटा येतो, हात लावला की पोरगं कळवळतं, उकिडवं बसवत नाही. १९०३ साली ऑसगुड आणि श्लॅटर या दोन डॉक्टरांनी तो वेगवेगळा नोंदवला, म्हणून नावही त्यांचंच. टाचेलाही असंच दुखणं होतं. वाढ थांबली की बहुतेकांचं बरं होतं, पण दुखत असताना खेळ कमी करावा लागतो. आपल्याकडे मात्र आयोडेक्स चोळून, क्रेप बँडेज बांधून पोराला पुन्हा मैदानात उतरवलं जातं आणि "मोठा हो, सहन कर" असं सांगितलं जातं. हे थांबलं पाहिजे.

यावर खर्च जवळजवळ नाही. शाळेच्या भिंतीवर टेप चिकटवा, दर तीन महिन्यांनी सकाळच्या वेळी अनवाणी उंची मोजा, वहीत तारीख घाला. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढ दिसली की त्या मुलाच्या उड्या आणि जोरदार किकचा सराव काही काळ हलका करा, पासिंग आणि तोलाचं काम वाढवा. अमेरिकेतल्या नीरू जयंती यांच्या अभ्यासातून एक सोपा आडाखाही निघाला आहे: आठवड्यातला शिस्तबद्ध सराव मुलाच्या वयाच्या आकड्याइतक्या तासांपुढे गेला की अतिवापराच्या गंभीर दुखापतींचा धोका वाढतो. बारा वर्षांचा असेल तर बारा तास, त्याहून जास्त नको. सरावाआधीच्या वीस मिनिटांत 'फिफा ११ प्लस' हा व्यायामक्रम घेतला तर त्याला चेंडूपलीकडे साधन लागत नाही. नॉर्वेत तेरा ते सतरा वयाच्या १,८९२ मुलींवर त्याची चाचणी झाली, २००८ साली निकाल आले, आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या.

बारक्यांसाठीही तोड निघाली आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या अकादम्यांनी काही स्पर्धा जन्मवर्षाऐवजी शारीरिक पक्वतेनुसार गट पाडून खेळवल्या. बारक्याला चेंडू मिळाला; थोराडाला ताकदीऐवजी डोकं चालवावं लागलं. आपल्या गावात महिन्यातून एक रविवार असा घेता येईल, उंची-वजनाच्या अंदाजाने, चार विरुद्ध चार, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागेल. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांना निवडचाचणीशिवाय चेंडू दिला, आणि त्यांच्या 'स्लम सॉकर'ला २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. आधी सगळ्यांना खेळू द्यायचं, ही गोष्ट आपल्याच मातीत झालेली आहे.

मुलींच्या संघात "दम पुरत नाही" अशी तक्रार ऐकू आली की आधी रक्त तपासावं. लोह कमी असेल तर स्नायूंना प्राणवायू कमी पोचतो. मैदानाच्या फेऱ्या वाढवून ते भरून निघत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी चहासोबत घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही, हे मुलींना सांगायला हवं.

आणि पूर्व विदर्भात सिकलसेल आहे, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकडा आकार घेतात असा आनुवंशिक आजार. वाहक असलेली, म्हणजे आजाराचं जनुक एकाच पालकाकडून आलेली मुलं एरवी धडधाकट असतात, खेळू शकतात, त्यांना अजिबात काढू नये. पण कडक उन्हात, पाणी न पिता, पहिल्याच दिवशी जिवाच्या आकांताने धावायला लावलं तर क्वचित त्यांचे स्नायू आणि मूत्रपिंडं निकामी होऊन जिवावर बेतू शकतं. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचा पारा ४५च्या वर जातो. उन्हाळी शिबिर घ्यायचंच तर सूर्य वर यायच्या आत घ्यावं, पहिले दहा-बारा दिवस ताण हळूहळू चढवावा, आणि धावताना कुणी "सर, पाय चालत नाहीत" म्हणालं तर त्याला तिथेच सावलीत बसवून पाणी द्यावं आणि बरं वाटलं नाही तर लगेच दवाखाना गाठावा. सिकलसेलची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. प्रवेशअर्ज भरून घेतानाच पालकांना तिथे पाठवता येतं.